जिनिंगशेजारचा शॉर्टवेव्ह

आठ डिसेंबर. सकाळी बोचरी थंडी, दहानंतर कोरडं ऊन, वारा नाही.

रोज तारीख आणि हवा लिहायची, एवढंच मी ठरवलेलं आहे. पण मुश्ताकभाईंच्या दुकानात तासभर बसून आलो की हवेच्या ओळीखाली आणखी काहीतरी लिहावंच लागतं. किस्से असेच साचत जातात. आपण जमवतो असं नाही, ते आपल्या अंगावर येऊन बसतात, जिनिंगच्या गल्लीतून चाललं की कपड्यांवर रुई बसते तसे. झटकायचं लक्षात येईपर्यंत घरी पोचलेलो असतो.

आमच्या एका पाहुण्यानं विचारलं होतं, "तुम्ही चौघं त्या एवढ्याशा दुकानात करता तरी काय?"

"ट्रान्झिस्टर निवडतो."

तो हसला. "किती वेळ लागतो त्याला?"

"दोन हंगाम झाले. अजून निवडतोय."

त्याचं हसणं तिथंच थांबलं!

तर आधी माणसं सांगतो. दुकान दिग्रसला, जिनिंग फॅक्टरीला, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करून रुई काढायच्या कारखान्याला, लागून. लागून म्हणजे भिंत एकच. मुश्ताकभाई रेडिओ दुरुस्त करतात, खरं म्हणजे करायचे. आता लोक टीव्हीचे रिमोट घेऊन येतात. प्रमिलाताई शाळेत विज्ञान शिकवतात. दादाराव भिंतीपलीकडच्या जिनमध्ये ग्रेडर आहेत. कापसाचा पुंजका चिमटीत धरायचा, ओढायचा, धागा बघायचा आणि प्रत सांगायची, हे त्यांचं काम. मी कचेरीतला कारकून, इलेक्ट्रॉनिक्स पुस्तकं चाळून शिकलेला. मुश्ताकभाई मला 'बाबूसाहेब' म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, ते मी अजून मोजलेलं नाही.

कापसाचं या वर्षांत आमच्याकडे काय झालं ते नव्यानं सांगायला नको. कापूसच पुरेसा येईना, म्हणून जिन कधी उशिरा सुरू व्हायची, कधी लवकर बंद पडायची. दादारावांची राहायची खोली जिनच्या आवारातच. जिन चालू तर नोकरी, नोकरी तर खोली. बंद पडली तर बायकोला घेऊन आदिलाबादकडे जायचं. तिकडच्या एका जिनमध्ये ओळखीच्या माणसानं जागा धरून ठेवली होती. दादारावांना दिग्रस सोडायचं नव्हतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी ते बोलत नसे. बोलायचं ते ट्रान्झिस्टरबद्दल.

आमचा शॉर्टवेव्ह रिसिव्हर घरी जुळवलेला. लांबच्या देशांची स्टेशनं त्यावर लागत, पण क्षीण. आलेल्या आवाजाला रिसिव्हरमध्ये शिरण्याआधी जरा जोर द्यायचा, त्यासाठी प्रीअँप्लिफायर. त्यात ट्रान्झिस्टर एकच; ट्रान्झिस्टर म्हणजे इथे रेडिओ नव्हे, त्याच्या पोटातला तीन पायांचा इवलासा भाग. पण तो असा हवा की जे आलं ते वाढवील आणि स्वतःच्या पदरचं काही घालणार नाही.

"स्वतःच्या पदरचं काही न घालणारा?" मुश्ताकभाई पहिल्याच दिवशी म्हणाले. "ताई, असा तर माणूस नाही भेटत. तुम्ही ट्रान्झिस्टर पाहून राह्यल्या!"

*

पहिला ट्रान्झिस्टर काळ्या प्लास्टिकचा, साधा, दुकानातल्या डब्यातला. रेडिओत नेहमी वापरतात तो. लावला. एक परदेशी स्टेशन खणखणीत लागलं. आम्ही खूश. ढाणकीचे एक शेतकरी आपला रेडिओ दुरुस्तीला घेऊन आले होते, तेही कान देऊन बसले.

आधी परकी भाषा, मग परकं गाणं. आणि गाण्याच्या मागून हळूहळू वर आला बाजारभाव. मराठीत! कापूस, तूर, ज्वारी, सगळं ओळीनं.

त्या शेतकऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "भाऊ, हे कोन्या देशाचं लागलं?"

"लांबचं आहे," मुश्ताकभाई म्हणाले. त्यांनाही कळत नव्हतं.

"तिकडंही कापसाले हाच भाव आहे?"

आम्ही सगळेच हादरलो होतो. ते गृहस्थ उभे राहिले, धोतर सावरलं आणि म्हणाले, "बाप्पा बाप्पा! मंग आपुन एकटेच कायले रडून राह्यलो?"

दुरुस्त न झालेला रेडिओ तसाच काखेत मारून ते बसस्टँडकडे निघाले. गावात जाऊन ही बातमी सांगायची घाई झाली होती त्यांना!

प्रमिलाताईंनी नंतर उलगडा केला. जवळच्या मीडियम वेव्ह केंद्राचा आवाज एवढा जबर होता की तो इवलासा ट्रान्झिस्टर गांगरला. गांगरला की तो दोन आवाज एकमेकांत कालवतो, आणि जिथे नाही तिथे भलतंच स्टेशन ऐकू येतं. भुतासारखं.

"मग ते ढाणकीवाले?" मी म्हटलं.

"त्यांना आता कोण गाठणार!"

*

दुसऱ्या खेपेला मुश्ताकभाईंनी ट्रान्झिस्टरांची एक पिशवीच आणली. सगळे एकाच नंबरचे. पण एका नंबरचे असले तरी प्रत्येकाचा जोर वेगळा, मीटरवर मोजून निवडावे लागतात.

"निवडायचं आहे?" दादाराव म्हणाले. "मंग तुम्ही सरका."

त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं. मी मीटरचा आकडा सांगायचा, ते ट्रान्झिस्टर ठेवायचे. तीन ढीग झाले: एक नंबर, दोन नंबर आणि कवडी. कवडी म्हणजे आमच्याकडे डागी, किडक्या बोंडाचा कापूस. ढीग करताना प्रत्येक ट्रान्झिस्टर ते चिमटीत धरून उजेडाकडे बघत. त्यात बघायला काय होतं, देव जाणे!

सगळ्यात जास्त जोराचा त्यांनी माझ्या हातात दिला. "हा घ्या. लांब धाग्याचा."

तो लावला आणि बटण दाबलं. रिसिव्हरमधून अशी शिट्टी निघाली की मुश्ताकभाईंच्या हातातला चहा सांडला! बटण सापडेपर्यंत समोरच्या हॉटेलातून माणसं बाहेर. तिथे टीव्हीवर मॅच चालू होती, पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा आल्या होत्या.

"कोन खेळून राह्यलं बे विजेशी?" हॉटेलवाला ओरडला. "शेवटची ओव्हर होती!"

नको तितका जोर असला की प्रीअँप्लिफायर स्वतःच ओरडायला लागतो आणि शेजाऱ्यांनाही सोडत नाही. दोन नंबरमधलाही ओरडला. शेवटी प्रमिलाताईंनी तिसऱ्या ढिगातला एक उचलला. शिट्टी नाही, रेघा नाहीत. भुतं थोडी होती, पण निदान रिसिव्हर ऐकता येत होता.

दादाराव त्या ट्रान्झिस्टरकडे बघतच राहिले.

"अख्खी जिंदगी कापूस पाह्यला मी," ते म्हणाले. "कवडी पास झालेली आज पह्यल्यांदा पाहून राह्यलो!"

*

एवढ्यावर प्रमिलाताईंचं समाधान होईना. त्यांच्या मासिकात लिहिलं होतं की कमी विकृतीसाठी, म्हणजे आवाज एकमेकांत कालवले जाऊ नयेत म्हणून, ट्रान्झिस्टर दमदार हवा, जास्त करंट सोसणारा, धातूच्या टोपीचा. मुश्ताकभाई बसनं यवतमाळ, तिथून नागपूर असे गेले आणि दोन नग रुमालात बांधून घेऊन आले. टोप्या चकचकीत, नंबर ठळक. दुकानात जणू सोनं आलं!

लावण्याआधी पाय साफ करायचे म्हणून ताईंनी स्पिरिट काढलं. दादारावांनी खिशातून कापसाचा पुंजका दिला. त्यांच्या खिशात तो बाराही महिने असतो.

ताईंनी पाय पुसले, सहज टोपीवरूनही बोळा फिरवला. बोळा काळा झाला. टोपीवरचा नंबर गेला. आणि त्याच्या खालून दुसरा नंबर वर आला!

"अहो, हा तर वेगळाच निघाला!" ताई जवळजवळ किंचाळल्या.

दुसरा पुसला. तोही तसाच.

मुश्ताकभाई स्टुलावर मट्‌कन बसले. "दुकानदार मले चहा पाजून राह्यला होता, बाबूसाहेब. बिस्कीट देल्लं त्यानं!"

ट्रान्झिस्टरवरचा नंबर पुसून दुसरा छापणारा माणूस कुठेतरी बसला आहे, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. दादारावांना मात्र काहीही वाटलं नव्हतं. ते शांतपणे कापसाचा काळा बोळा उलटसुलट करून बघत होते.

"गाठोड्यात वरतं पांढरा अन् मधात ओला," ते म्हणाले. "रोजचं आहे. तुम्ही वरूनच पाह्यलं न? मधात हात काहून नाही घातला?"

"दादाराव," मुश्ताकभाई कळवळून म्हणाले, "ट्रान्झिस्टरच्या मधात हात कसा घालू?"

*

खरा दमदार ट्रान्झिस्टर शेवटी एका मोडीत निघालेल्या वायरलेस सेटमधून मिळाला. प्रमिलाताईंनी सर्किट बसवलं. करंट भरपूर ठेवला, कारण आरामात असेल तोच ट्रान्झिस्टर जबर आवाज आला तरी गांगरत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि करंट भरपूर म्हणजे ट्रान्झिस्टर तापणार. टोपीवर चांदणीसारखे पत्र्याचे पंख बसवले, तरी तापणारच.

हे त्यांनी मला सांगितलं होतं, मुश्ताकभाईंना सांगायचं राहून गेलं.

मुश्ताकभाईंनी सवयीनं टोपीवर बोट ठेवलं. "या अल्ला! जल गया! गरम, गरम!"

एवढंच ते ओरडले. पण ती गल्ली जिनिंगची. तिथल्या हवेत रुई, खिडकीच्या जाळीवर रुई, पत्र्यावर रुई. तिथे 'जल गया' हा शब्द कोणी सहज उच्चारत नाही. दुसऱ्या क्षणी जिनचा चौकीदार दारात, हातात वाळूची लाल बादली! आम्ही "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यानं ती अख्खी बादली प्रीअँप्लिफायरवर उपडी केली.

ट्रान्झिस्टर दिसेना. सर्किट दिसेना. टेबलावर नुसता वाळूचा ढीग, आणि ढिगाच्या आत कुठेतरी आमची सगळी मेहनत.

ताई म्हणाल्या, "अरे, तो गरमच असायला पाहिजे! त्याचं कामच ते आहे!"

चौकीदारानं बादली खाली ठेवली, कपाळ पुसलं.

"असंल बाई. पन आमच्याइथं गरम म्हनलं की पह्यले वाळू, मंग इचारपूस."

वाळू काढायला अख्खा रविवार गेला. ब्रशनं, फुंकरीनं, सुईनं. मग बटण दाबलं, आणि विश्वास बसणार नाही, पण ट्रान्झिस्टर जिवंत होता! दादाराव त्याला तेव्हापासून 'पहिलवान' म्हणायला लागले.

*

पहिलवानानं खरंच कमाल केली. भुतं गेली. जिनच्या मोटरींची खरखर मात्र राहिली, कारण ती हवेतूनच यायची. बाहेरून आलेलं कुठलाही ट्रान्झिस्टर गाळू शकत नाही, हे ताई आम्हाला फळ्यावर लिहिल्यासारखं समजावून सांगत. फरक एवढाच की पूर्वी जिन लागली की अख्खा बँड, सगळी स्टेशनं मिळून, बोंबलायचा. आता खरखर तिच्या जागेवर राही आणि स्टेशन स्टेशनच्या जागेवर. दोन्ही वेगवेगळी ऐकू येत.

त्यातून एक नवीनच गंमत झाली. पलीकडे कुठली मोटर लागली, कुठली थांबली, रुई काढायची की गाठी दाबायच्या प्रेसची, हे आम्हाला इकडे बसून कळायला लागलं. एकदा जिनचे मालक शेठजी स्वतः चहाला हॉटेलात आले होते. मुश्ताकभाईंनी दारातूनच आवाज दिला, "शेठ, तुमची प्रेसची मोटर आत्ता बंद पडली वाटते!"

शेठजी हसले. तेवढ्यात आतून फिटर धावत आला. "शेठ, प्रेसची मोटर बंद पडली!"

शेठजींचा कप हवेतच राहिला. पुढच्या मिनिटाला ते दुकानात होते. भिंतीवरून हात फिरवत होते, कपाटामागे वाकून बघत होते, टेबल सरकवत होते.

"खरं सांगा, मुश्ताक. माझ्या फॅक्टरीतून तार कुठून ओढली?"

"तार नाही शेठ."

"बिना तारेचं कसं कळते?"

"तार असती," मुश्ताकभाई हात जोडून म्हणाले, "तर आम्ही दोन हंगाम झक मारली असती काय?"

शेठजींना काही पटलं नाही. जाता जाता त्यांची नजर दादारावांवर गेली. दादारावांनी संधी साधली. "शेठ, पुढच्या हंगामाची जिन..."

"आवक पाहू," शेठजी म्हणाले. "कापसाच्या गाड्या आल्या तर लावू. नाही आल्या तर कोनासाठी लावू?"

ते गेल्यावर दादारावांनी रिसिव्हर बंद करायला सांगितला. मुश्ताकभाईंनी लगेच बटण बंद केलं.

*

आता परवाच्या सोमवारचं.

दसरा गेला, दिवाळी गेली, जिन सुरू झाली नव्हती. मग शेठजींचा निरोप आला: सोमवारी अकरा वाजता नारळ फोडू, गाड्या आल्या असल्या तर मोटर टाकू. नाही तर यंदा राहू द्या.

सोमवारी मी कचेरीतून रजा घेतली. प्रमिलाताईंनी शाळेत काय सांगितलं माहीत नाही, पण त्याही आल्या. दादाराव आमच्या आधीच दुकानात येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून विंचरलेले केस.

"तुम्ही तिकडं नाही, पूजेला?" मुश्ताकभाईंनी विचारलं.

"फाटकाशी उभं राहून रस्त्याकडं पाहनं माह्याच्यानं होत नाही," दादाराव म्हणाले. "इथंच समजते न. मोटर लागली की तुमचं यंत्र बोलते."

मुश्ताकभाईंनी रिसिव्हर लावला. पहिलवान तापला. एक बाई कुठल्यातरी देशातून भाषा शिकवत होती. एक वाक्य ती म्हणायची, थांबायची, पुन्हा म्हणायची. आवाज इतका स्वच्छ की तिनं पान उलटलेलं ऐकू आलं. एवढा आवाज मागच्या वर्षी मिळाला असता तर आम्ही पेढे वाटले असते.



अकरा वाजले. मुश्ताकभाईंनी आवाज वाढवला. बाई मोठ्यानं शिकवायला लागली. दादाराव स्टूल पुढे ओढून स्पीकरला कान लावून बसले.

"आहे काय काही?" मी विचारलं.

"बाई आहे."

"बाई नाही. बाईच्या खाली?"

दादारावांनी हातानं मला गप्प केलं. मग मान वर करून ताईंकडे बघितलं.

"ताई, हा पहिलवान लय सज्जन आहे. खरखर आली असंल अन् यानंच आतल्या आत गाळून टाकली असंल. होऊ शकते काय असं?"

मी ताईंकडे बघितलं. मुश्ताकभाईंनीही बघितलं. कुठलाही ट्रान्झिस्टर बाहेरचं काही गाळत नाही, हे त्यांनीच आम्हाला इतक्या वेळा समजावलेलं.

"होऊ शकते," प्रमिलाताई म्हणाल्या.

मला धक्काच बसला.

"मुश्ताकभाई," त्या म्हणाल्या, "इस्त्री तापवा. काढा हा. पहिला होता तो लावा, काळा."

मुश्ताकभाई सोल्डरिंग आयर्नला इस्त्रीच म्हणतात, ताईही त्या दिवशी तसंच म्हणाल्या. मुश्ताकभाईंनी पहिलवान उपटून काढला. टोपी गरम होती, तरी फडकं न घेता काढला. त्याच्या जागी तो काळा प्लास्टिकचा बसवला, थोड्याशा खरखरीनंही अख्खा बँड बोंबलवणारा. तार ताईंनी धरली. बटण दाबलं. त्या वेळी मीडियम वेव्ह केंद्राचं प्रसारण बंद असतं, म्हणून भुतंही नव्हती. नुसती ती बाई. तेच वाक्य, पुन्हा तेच वाक्य.

"कवडीतला लावून पाहा," दादाराव म्हणाले.

लावला.

"नंबर पुसलेला?"

तोही लावला. प्रत्येक वेळी सोल्डर वितळायचं, थंड व्हायचं, आणि तेवढ्या वेळात दादाराव भिंतीकडे बघत बसायचे. हॉटेलवाला चहा ठेवून गेला, साय धरली. रस्त्यावरून पुसदची बस गेली. बाईचा धडा संपला, तिच्या जागी वाद्यं वाजायला लागली.

"काटा फिरवा," दादाराव म्हणाले. "बाजूले असंल कुठं."

मी काटा बँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवला आणि तसाच परत आणला. तीन स्टेशनं लागली. तिन्ही स्वच्छ. खरखर कुठेही नव्हती.